सर जिवंत आहेत

"ती बघ की, निळ्या ड्रेसवाली. तीच ती श्रद्धांजली."

"व्हय? मग आज श्रद्धांजलीच श्रद्धांजली वाहणार म्हण की!"

माझ्या मागच्या रांगेतल्या दोघी हसल्या. मग आपण कुठे बसलोय हे आठवून पदर तोंडाला लावून गप्प झाल्या. आत्या, तुझ्या शोकसभेतलं पहिलं हसू माझ्या नावावर पडलं. तुला आवडलं असतं. तू स्टेजवर असतीस तर "काय म्हणालात ताई, जरा मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू दे," असं म्हणून त्या दोघींना उभं केलं असतंस आणि तो किस्सा पहिल्यापासून पुन्हा सांगितला असतास.

मी वळून बघितलं नाही. समोर तुझा फोटो होता, हार घातलेला. तोच फोटो शाळेच्या गेटवरच्या फ्लेक्सवरही होता, 'भावपूर्ण श्रद्धांजली' या अक्षरांच्या वर. मागच्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला विद्यार्थ्यांनी सात रस्ता चौकात फ्लेक्स लावला होता, त्यावरही तोच. तीच जरीची साडी, तेच जोडलेले हात, खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे चेहरे. आता फक्त रंग काढून टाकला आणि एक ओळ बदलली. फ्लेक्सवाल्याला दुसरं काही करावंच लागलं नाही.

मी नेमकी इथेच चुकले होते.

मी तिसरीत होते तेव्हा. मला इंग्लिश मीडियमला घालायचा हट्ट तुझा होता, हे तू कुठल्याच भाषणात सांगितलं नाहीस. पप्पा तू शिकवायचीस त्या मराठी शाळेतच घालणार होते. "माझ्या शाळेत नको रे, पोरगी पुढं जाऊ दे," असं तू म्हणालीस आणि फीसुद्धा तूच भरलीस. मग माझं मराठी वाचन झालं ते शाळेच्या रिक्षातून. रिक्षा सिग्नलला थांबली की मी फ्लेक्स वाचायचे, अक्षर अक्षर लावून. त्यावरून मी माझा एक नियम बनवला होता. गॉगलवाले, मोबाइल कानाला लावलेले तरुण दादा असले की 'हार्दिक शुभेच्छा'. पिकलेल्या केसांची, टोपीवाली, नऊवारीतली माणसं असली की 'भावपूर्ण श्रद्धांजली'. म्हणजे लहानांना शुभेच्छा आणि मोठ्यांना श्रद्धांजली, असं मला वाटायचं. जसं लहानांना तू आणि मोठ्यांना तुम्ही. मला तो शब्द जास्त आदराचा वाटायचा. लांब होता, जोडाक्षरांचा होता, आणि 'भावपूर्ण'मध्ये भाव होता.

तुमच्या हेडसरांचा निरोप समारंभ होता. तू सूत्रसंचालन करत होतीस. आयत्या वेळी तू मला स्टेजवर ओढलंस, "आमची छोटी पाहुणी सरांना दोन शब्दांत शुभेच्छा देईल." शुभेच्छा? सरांचे केस पांढरे होते. मला वाटलं, आत्या घाईत चुकली. मी तुझी चूक सुधारली. माईक दोन्ही हातांनी धरला आणि मला येत होतं त्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात चांगलं मराठी बोलले. "सरांना भावपूर्ण श्रद्धांजली."

कुणी हसलं नाही, आत्या. हे मला नीट आठवतंय, कारण नंतरच्या सगळ्या आवृत्त्यांत तू 'हॉल हसून फुटला' असं सांगायचीस. हॉल गप्प झाला होता. पंख्यांचा आवाज येत होता. सरांच्या बायकोचा हात मंगळसूत्राकडे गेला. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्या हातातून माईक घेतलास, घेतलासच, आणि म्हणालीस, "सर, घाबरू नका! भाची इंग्लिश मीडियमची आहे. तिच्या मराठीने अजून कुणाचा जीव गेलेला नाही."

तेव्हा हॉल हसला. सर हसले, त्यांची बायको हसली. मीही हसले, कारण सगळे हसत होते. काय चुकलं ते मला घरी गेल्यावर आईने सांगितलं.

इथे ते संपलं असतं तर मी आज तुला हे लिहिलं नसतं. पण तुला भाषणाची सुरुवात सापडली होती.

तू आयुष्यभर लोकांना बोलायला शिकवलंस, हे कुणी नाकारणार नाही. त्या हॉलमध्ये बसलेली निम्मी माणसं तुझ्या रविवारच्या वर्गात घडलेली होती. 'पहिल्या वाक्याला लोकांनी चहाचा कप खाली ठेवला पाहिजे,' असं तू त्यांना सांगायचीस. तुझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "माझी एक भाची आहे." बारसं, वास्तुशांत, बँकेच्या निवृत्तांचा मेळावा, नवरात्रातलं व्याख्यान, कुठेही जा. "माझी एक भाची आहे," एवढं म्हणून तू थांबायचीस, डावीकडे बघायचीस, उजवीकडे बघायचीस, आणि कप खाली जायचे. कुंभारीला तेलुगू बोलणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात तर तू हे अर्धं तेलुगूत सांगितलंस म्हणे, आणि तिथल्या बायका माझ्यापेक्षा तुझ्या तेलुगूला जास्त हसल्या. त्या एका वेळेबद्दल मी तुझी आभारी आहे.

चुलत भावंडांनी मला 'ए श्रद्धांजली' म्हणायला सुरुवात केली. मग गल्लीने. मग दूधवाल्याने. पप्पांनी एकदोनदा "अरे, नाव आहे तिला" म्हणून बघितलं, पण ते सांगताना त्यांनाच हसू यायचं. माझं नाव मधुरा. तूच ठेवलेलं. बारशाला माझ्या कानात पहिल्यांदा ते तू उच्चारलंस. मग तूच का बदललंस?

मी पाचवीत होते तेव्हा तू मला सांगोल्याला घेऊन गेलीस. बचत गटाच्या बायकांपुढे तुझं व्याख्यान होतं. ग्रामसभेत उभं राहून, न घाबरता कसं बोलायचं, असा विषय. उन्हाळा होता, मंडपाखाली बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, बऱ्याचजणी पाण्याचा टँकर आटपून तशाच आलेल्या. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर, पाय लोंबकळत. तू नेहमीसारखी सुरुवात केलीस. पण त्या दिवशी शेवट बदललास. अजूनही मला तो शब्दन् शब्द येतो.

"बायांनो, चुकायला घाबरू नका. चुकलं तर काय होतं? माझी भाची चुकली. तिला काही झालं का? ही बघा, समोर बसलीय, ठणठणीत आहे." इथे तू थांबलीस. डावीकडे, उजवीकडे. "सर गेले."

मंडप हसून कोसळला. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. आणि मी खुर्चीवर बसून होते, आत्या. मला ते आत्ता कळलं होतं. मी सरांना श्रद्धांजली म्हणाले होते आणि सर गेले होते.

तुझं भाषण लागू पडलं, हेही सांगते. तुझ्यावर राग धरायचा तर खरा धरायचा. हसणं थांबल्यावर मागून एक बाई उभी राहिली. तिने आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात धरला असावा, कारण ती तो कानाला लावून बोलायला लागली. सगळे हसले, तीही हसली, माईक तोंडाशी आणला आणि म्हणाली, "मग चुकून बोलते. टँकर कवा येतो ते आमाला आदी कळत न्हाय. ज्यांच्या दारात थांबतो त्यांनाच कळतं. हे मला ग्रामसभेत बोलायचं हाय. हितं बोलून बघितलं." किती टाळ्या पडल्या! तू स्टेजवरून खाली उतरून तिला मिठी मारलीस. त्या बाईला माझ्या चुकीने बोलतं केलं. ज्या वाक्याने ती बोलायला लागली, त्याच वाक्याने मी गप्प झाले.

नंतर चहाला दुसऱ्या एका बाईने माझा गालगुच्चा घेतला. "तूच व्हय गं ती? आमच्याकडं बारशाला नगं येऊस बया!" आणि माझ्या ओंजळीत एक मोठं डाळिंब ठेवलं. परतताना जीपमध्ये ते डाळिंब माझ्या मांडीवर होतं. तू पुढच्या सीटवर, ड्रायव्हरला सांगत होतीस, "बघितलंस का, हसवलं की माणसं उघडतात." मी ते डाळिंब घरी आल्यावर शेजारच्या आजींना देऊन टाकलं.

त्यानंतर माझं काय झालं, हे तुला कधीच कळलं नाही. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ते पुढच्या कार्यक्रमात घेतलं असतंस.

मला वाटायचं, माझ्या बोलण्यात काहीतरी आहे. वर्गात वाढदिवसाचं गाणं सुरू झालं की मी फक्त ओठ हलवायचे. आजीच्या वाढदिवसाला आईने फोन हातात दिला, "आजीला शुभेच्छा दे." मी फोन कट केला. आजी आजारी पडली तेव्हा देवापुढे हात जोडून उभी राहिले आणि मनातल्या मनातसुद्धा काही मागितलं नाही, चुकीचा शब्द निघाला तर? बाई हजेरी घेताना माझं नाव आलं की हात वर करायचे. सगळे म्हणायचे, किती शहाणी झाली, किती शांत. तूही म्हणायचीस. घरात एक मुलगी बोलायची बंद झाली आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईला तो गुण वाटला.

मग मंडईत सर दिसले.

दिवाळी होऊन गेली होती. आई भाव करत होती आणि मी पिशवी धरून उभी होते. शेजारच्या गाळ्यावर सर दोडके निवडत होते. दोडका वाकवून बघत होते, कोवळा आहे का. मला बघून म्हणाले, "काय गं, ओळखलंस का?" मी पिशवी टाकली आणि पळत सुटले. आई मागून हाका मारत होती. मी थेट आपल्या घरी, स्वयंपाकघरात तुझ्याकडे आले. तू खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटत होतीस. मला धाप लागली होती, आणि कित्येक महिन्यांनी मी मोठ्या आवाजात एक पूर्ण वाक्य बोलले. "आत्या, सर जिवंत आहेत!"

तू बत्ता खाली ठेवलास. एक क्षण माझ्याकडे बघितलंस. मग हसायला लागलीस. हसता हसता खाली बसलीस, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अगं येडे! ते भाषणात म्हणायचं असतं. सांगायची पद्धत असती ती!"

मी तिथे उभी होते. सर जिवंत आहेत याचा आनंद मला अजून पुरता झालेला नव्हता. तो तू मध्येच घेतलास. त्याच आठवड्यात कुणाच्या तरी एकसष्टीला तुझा किस्सा मोठा झालेला होता. "...सर गेले," मग थांबणं, मग, "आणि परवा भाची धावत आली, म्हणाली, आत्या, आत्या, सर जिवंत आहेत!" हा शेवट तर फारच चालला. तो तू पुढे कायमचा ठेवलास.

तेव्हापासून मी तुझ्यासमोर जपून बोलायला लागले. चहा झालाय. किल्ली खुंटीला आहे. गॅस आला. यांत विनोद नव्हता, म्हणून ही वाक्यं माझ्याकडे राहिली.

रविवारी पुढच्या खोलीत तुझा वर्ग भरायचा. मी मधल्या दाराच्या पडद्यामागे अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायचे. तू काय शिकवायचीस ते सगळं मला येतं. सगळ्यात मागच्या माणसाकडे बघून बोल, पुढच्यांना आपोआप ऐकू येतं. हातांचं काय करायचं कळलं नाही तर काहीच करू नका, हातांना आपलं कळतं. पाठ केलेलं विसरलात तर खरं बोला, खरं पाठ करावं लागत नाही. हे शेवटचं तू फार सुंदर म्हणायचीस. पडद्यामागे मला दर वेळी प्रश्न पडायचा की हे तू कुणाला सांगतेस.

दहावीच्या सुट्टीत मी हिंमत करून म्हणाले, "मलाही शिकव." वर्ग सुटत होता, मुलं चपला शोधत होती. तू सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवलास, "तू चांगली बोलायला लागलीस तर माझा किस्सा कोण ऐकेल गं?" मुलं हसली. मीही हसले. मला हसायची सवय लागली होती. तू ते गमतीत म्हणालीस हे मला कळतं. पण मग नंतर, एकटी असताना, एकदाही विचारलं नाहीस. गावभरच्या मुलांना शिकवलंस. मी तुला चुकलेलीच हवी होते.

आणि तुला माहीत होतं की हसण्याने काय होतं. म्हणून तर मला जास्त राग येतो.

एका दुपारी वीज गेली होती. आपण दोघी मागच्या दारात पायरीवर बसलो होतो, तू पुठ्ठ्याने वारा घेत होतीस. तू मला तुझ्या पहिल्या भाषणाबद्दल सांगितलंस. केम गावाहून सोलापुरात शिकायला आलेली मुलगी, कॉलेजचा हॉल, आणि गावाकडचा एक शब्द तोंडातून निघाला. सगळा हॉल हसला. पोरींनी वर्षभर तुला त्याच शब्दाने हाक मारली. "मग मी भाषाच बदलली बघ," तू म्हणालीस. "खोलीत कडी लावून बोलायचे, आरशासमोर. घरी आले की परत हितं, तितं. हॉलमध्ये गेले की येथे, तेथे." तुझा आवाज त्या दिवशी वेगळा होता. त्यात थांबणं नव्हतं, डावीकडे उजवीकडे बघणं नव्हतं.

ती चूक तू कधीच स्टेजवर नेली नाहीस. स्वतःची जपून ठेवलीस आणि माझी वाटत फिरलीस.

तो शब्द कुठला, ते मी इथेही लिहिणार नाही.

आपलं शेवटचं भांडण गेल्या दिवाळीत झालं. मला बघायला आले होते. मुलगा बरा होता, त्याने मला माझ्या कामाबद्दल दोन नीट प्रश्न विचारले. तेवढ्यात त्याची मावशी चटकन म्हणाली, "अय्या, म्हणजे शैलाताईंची भाची ती हीच? श्रद्धांजली? अहो, आमच्या घरात म्हातारे सासू-सासरे आहेत हो!" सगळी खोली हसली. सगळ्यात मोठ्याने तू. आणि मग, पाहुण्यांच्या आग्रहावरून, पोह्यांच्या बशा हातात असताना, तू तो किस्सा पूर्ण सांगितलास. सर जिवंत आहेत, इथपर्यंत.

ते गेल्यावर मी तुझ्यामागे स्वयंपाकघरात आले.

"आत्या, परत हे सांगायचं नाही."

"काय?"

"माझी गोष्ट."

तू बशा विसळत होतीस. "गोष्ट माझी आहे. तुझी नुसती चूक होती."

"माझ्या नावाने हाक मारत नाही कुणी."

"अगं, पण वळखतं की सगळं सोलापूर! एवढं लावून घ्यायचं नस्तं." मग तू नळ बंद केलास, पदराला हात पुसलेस. "त्या दिवशी हॉल कसा गप्प झाल्ता, आठवतंय का तुला? स्टेजवरची ती शांतता लई वाईट. मी हसवलं नसतं तर तुला गिळून बसली असती ती. मी काढलं तुला त्यातून."

हे खरं असेल. मी त्यावर खूप विचार केलाय. हॉलमध्ये गप्प उभं राहणं म्हणजे काय, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तू माईक घेतलास तेव्हा कदाचित माझ्यासाठीच घेतला असशील. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात मी म्हणाले, "एकदा काढलंस. मग दर वेळी परत का ढकललंस?"

तू परत बशी उचललीस. बाहेरून पप्पांनी विचारलं, "अक्का, चहा टाकतीस का अजून?" तू म्हणालीस, "टाकते." मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "नंतर बोलू."

नंतर आपण चहा, किल्ली आणि गॅस एवढंच बोललो. मी वाट बघत होते. तूही बघत असशील, किंवा विसरली असशील. आता कोण सांगणार? तू इतकी पटकन गेलीस की मला तुझ्यावर रागवायलाही नीट जागा राहिली नाही. घरात माणसं येत होती, तुझ्याबद्दल रडत होती, आणि रडता रडता माझ्याकडे बघून, "हीच का ती?" म्हणून हसत होती.

शोकसभेला निघताना पप्पा म्हणाले, "दोन शब्द बोल बाळा. रडरड लई झाली. तोच किस्सा सांग, तुझ्या तोंडून. लोकांना हलकं वाटंल. अक्कालाबी आवडंल." त्यांचे डोळे सुजलेले होते. मी काही बोलले नाही. त्यांनी तो होकार धरला. मी गप्प राहिले की सगळे होकारच धरतात.

हॉल तोच होता. पंखेही बहुतेक तेच. पहिल्या रांगेत हेडसर बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून. मी जवळून जाताना त्यांनी माझा हात पकडला.

"मी आहे बरं का अजून," ते म्हणाले. "तुझ्या आत्याने मला किती वेळा मारलं! एकदा सांगोल्याहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला, रडत. मीच उचलला. म्हटलं, बोल, भूतच बोलतंय." ते खोकत हसले. मग हसू विरलं आणि हात काही सोडेनात. "मला वाटलं होतं, माझ्या वेळेला शैलाच बोलेल. तिचं भाषण ठरवून ठेवलं होतं मी."

मग तुझा लाडका विद्यार्थी महेश माईकवर आला. तुझ्यासारखाच थांबतो तो, डावीकडे, उजवीकडे. "मॅडमचा एक किस्सा अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे," तो म्हणाला. "आज तो ज्यांच्यामुळे घडला, त्यांच्याच तोंडून ऐकू." हॉलमध्ये एक हलकी सळसळ झाली. माणसं हसायच्या तयारीने खुर्चीत नीट बसली.

मी स्टेजवर गेले. हातांचं काय करायचं ते कळलं नाही, म्हणून काहीच केलं नाही. सगळ्यात मागे बघितलं. तिथे चहाच्या थर्मासपाशी शाळेच्या मावशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून बोलायचं ठरवलं.

माझ्याकडे एक पहिलं वाक्य होतं, आत्या. फार चांगलं होतं. 'माझी एक आत्या होती,' आणि मग केमहून आलेली मुलगी, कॉलेजचा हॉल, तो शब्द. सगळ्यांनी कप खाली ठेवले असते. सगळे हसले असते, आणि या वेळी तुझ्यावर. तू मला गोष्ट कशी सांगायची ते पडद्यामागून इतकं नीट शिकवलं होतंस की मला थांबायच्या जागाही माहीत होत्या. मी तुझ्या फोटोकडे बघितलं. जोडलेले हात. शुभेच्छांचा फोटो.

मी ते वाक्य परत ठेवलं.

मग ती शांतता आली. तीच, तिसरीतली. पंखे. कुणीतरी घसा साफ केला. पप्पांनी खालून हाताने खूण केली, बोल, बोल. महेश माईककडे दोन पावलं आला, तुझ्याचसारखा, मला त्यातून काढायला. मी हात वर करून त्याला थांबवलं. तू सांगितलं होतंस तसं काही झालं नाही. तिने मला गिळलं नाही. ती नुसती होती, आणि मी तिच्यात उभी होते, आणि बोलायला लागेपर्यंत वेळ होता.

"माझं नाव मधुरा," मी म्हणाले. "जो किस्सा तुम्हाला ऐकायचाय, त्यातलं एक वाक्य आत्याला माहीत नव्हतं, कारण मी तिला ते सांगितलं नाही. ते तिला सांगते, तुम्ही ऐका. आत्या, त्या वर्षी मला खरंच वाटत होतं की सर माझ्यामुळे गेले. म्हणून मी बोलायची थांबले."

मागच्या रांगेत एक बाई सवयीने हसली आणि मध्येच थांबली. पहिल्या रांगेत हेडसरांनी काठी खाली ठेवली. मी त्यांच्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. आणि ते दोन शब्द, जे मी तिसरीपासून कुणाच्याही मरणाला, एकदाही उच्चारले नव्हते, ते माईकवर म्हणाले.

"सर जिवंत आहेत. शैलाआत्या, तुला भावपूर्ण श्रद्धांजली. आज मी चुकलेले नाही."